पांढऱ्याजवळचे रंग कसे निवडावेत: सांगली परिसरातील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर रंगवायचे ठरले की आतल्या भिंतींना ऑफव्हाइट द्यावा, यावर घरात लवकर एकमत होते. अडते ते कोणता ऑफव्हाइट द्यावा यावर. रंगकामाच्या निमित्ताने सांगली, मिरज आणि आसपासच्या घरांत जाताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आमचा आग्रह एकच आहे, आणि तो पुढे अनेकदा येईल: हा रंग दुकानात कार्डावर ठरवू नये, तो ज्या खोलीत राहणार आहे त्या खोलीच्या उजेडात पाहून ठरवावा.

शेड कार्डावरचे दहा-बारा ऑफव्हाइट जवळजवळ सारखेच दिसतात. ते खरोखर वेगळे असतात का?

होय, वेगळे असतात. दुकानातील टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये रंगद्रव्यांचे मोजके थेंब सोडते आणि ऑफव्हाइटच्या बाबतीत हे प्रमाण फारच अल्प असते. यलो ऑक्साइड वरचढ असेल तर रंग दुधाच्या सायीकडे झुकतो. त्यात लाल ऑक्साइड थोडा अधिक पडला तर शंखाच्या आतल्या बाजूला असते तशी गुलाबीसर झाक येते. पिवळ्याला काळ्याची जोड मिळाली तर रंग हिरवट होतो. आणि काळा एकटाच असला तर थंड, राखाडी पांढरा तयार होतो. बोटभर रुंदीच्या कार्डावर ही झाक डोळ्यांना जाणवत नाही. भिंतीवर मात्र ती जाणवते, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड फेकत असतात आणि प्रत्येक फेकीत तो उजेड त्या झाकेत थोडा अधिक रंगून परततो. म्हणूनच कार्डावर जेमतेम पिवळसर वाटणारा रंग चारही भिंतींना लागल्यावर लोण्यासारखा दिसू लागतो, आणि म्हणूनच दोन छटांमध्ये अडखळल्यास त्यांतली फिकी छटा घ्यावी, असे आम्ही बहुतेकांना सांगतो.

झाक ओळखायची कशी?

एकच छटा हातात धरून कितीही वेळ पाहिली तरी ती पांढरीच वाटते. झाक दिसते ती तुलनेत. चार-पाच छटा एकमेकींना चिकटवून, मध्ये कार्डाची पांढरी कड येणार नाही अशा रीतीने ठेवल्या, की त्यांतली एक गुलाबी, एक हिरवट आणि एक मळकट आहे, हे आपोआप उघड होते. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल हे पॅरिसच्या गोबेलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, या तक्रारीचा शोध घेताना दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांमुळे डोळ्यांना तसे भासते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १८३९ मध्ये त्यांनी शेजारी-शेजारी असलेल्या रंगांचा हा परिणाम सविस्तर मांडला. भिंतीच्या रंगालाही हेच लागू आहे.

दुसरा सोपा उपाय म्हणजे त्याच पट्टीवरची सर्वांत गडद छटा पाहणे. तळाशी बदामी असेल तर वरच्या फिक्या छटेतही बदामीच दडलेला असतो. प्रत्येक कार्डावर छटा अशा क्रमाने लावलेल्या असतीलच असे नाही, पण जेथे असतील तेथे हा उपाय उपयोगी पडतो.

अनेक जण छपाईचा पांढरा कागद शेजारी धरतात. त्याने काही अंशी मदत होते, परंतु अशा कागदात त्याला अधिक शुभ्र दाखवणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि त्यांमुळे तो किंचित निळसर असतो. त्याच्या शेजारी बहुतेक ऑफव्हाइट पिवळेच ठरतात. कागदाशी तुलना करून “हा फार पिवळा आहे” असा निकाल देण्याची घाई करू नये.

कार्डाच्या मागे एलआरव्ही असा आकडा असतो. त्याचा उपयोग काय?

रंगावर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड तो परत फेकतो, हे तो आकडा सांगतो. पूर्ण काळ्यासाठी ० आणि पूर्ण परावर्तनासाठी १००, अशी ही मोजणी असून बहुतेक ऑफव्हाइट ७० च्या वर असतात. दोन छटांमध्ये दोन-तीन अंकांचा फरक असेल तर तो उजळपणा म्हणून सहसा जाणवत नाही. तेथे निर्णय झाकेवरच करावा लागतो.

या आकड्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. खोली अंधारी असेल तर सर्वांत जास्त आकड्याचा रंग घ्यावा, असे समजले जाते. रंग उजेड परत फेकतो, तो निर्माण करीत नाही. जाड भिंतींच्या आणि लहान खिडक्यांच्या माजघरात अगदी शुभ्र रंग दिला तर परत फेकायला पुरेसा उजेडच नसल्यामुळे तो कोपऱ्यांत राखेसारखा दिसतो. अशा खोलीत किंचित उबदार झाकेचा, म्हणजे सायीकडे झुकणारा रंग अधिक प्रसन्न वाटतो, असा आमचा अनुभव आहे.

दुकानात आवडलेला रंग घरी आल्यावर वेगळा का दिसतो?

बहुतेक दुकानांत ६५०० केल्विनच्या आसपासचा थंड, निळसर पांढरा उजेड असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप आहे; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर). त्या उजेडात पिवळसर छटा फिकी पडते आणि राखाडी छटा स्वच्छ दिसते. शिवाय आपले डोळे कोणत्याही उजेडाला काही मिनिटांत सरावतात आणि त्यातल्या पांढऱ्याला पांढरे मानू लागतात, त्यामुळे ही फसगत त्या वेळी लक्षातही येत नाही. कार्ड घेऊन किमान दुकानाच्या दारापर्यंत, सावलीतल्या नैसर्गिक उजेडात यावे.

दुसरे कारण थोडे तांत्रिक आहे. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांपासून तयार झालेले असतील तर एका उजेडात ते तंतोतंत जुळले तरी दुसऱ्या उजेडात जुळतीलच असे नाही. पडद्याचे कापड आणि भिंत दुकानात एकरूप वाटले आणि घरी फटकून दिसू लागले, तर कारण बहुधा हेच असते.

खोलीची दिशा पाहून रंग निवडावा का?

पाहावी, परंतु परदेशी सल्ले जसेच्या तसे उचलू नयेत. उत्तरेकडच्या खोलीत कधीच ऊन येत नाही, हे थंड देशांतील विधान आपल्याकडे पूर्ण खरे नाही. सांगली साधारण १६.८५ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येथे शून्य सावलीचा, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचा, दिवस येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. त्या काळात उत्तरेच्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन आत येऊ शकते. मात्र त्यातील मोठा भाग पावसाळी ढगांचा असतो, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जात असल्यामुळे उत्तरेच्या खोलीत आकाशाचा निळसर उजेडच उरतो. म्हणून तेथे राखाडी किंवा निळसर झाकेचा ऑफव्हाइट टाळून मोतिया किंवा फिक्या सायीच्या अंगाचा रंग घ्यावा.

पश्चिमेच्या खोल्यांचा प्रश्न आमच्या मते अधिक अवघड आहे. मार्च ते मे या काळात दुपारी चारनंतर तेथे जे पिवळे, तापलेले ऊन येते, त्यात आधीच पिवळसर असलेली भिंत डोळ्यांना नकोशी होते. येथे राखाडीकडे किंचित झुकणारी, उदासीन छटा बरी. पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या खोल्या बहुतेक छटा सांभाळून घेतात.

दिशेइतकेच महत्त्व खिडकीबाहेर काय आहे यालाही आहे. खिडकीला लागून आंब्याचे झाड असेल तर आत येणारा उजेड हिरवा होऊन येतो. शेजारच्या घराची भिंत केशरी असेल तर तोच केशरी आपल्या भिंतीवर उतरतो. एकाच इमारतीत, एकाच दिशेच्या दोन मजल्यांवर एकच रंग वेगळा दिसतो, तो यामुळे.

फरशीचा आणि भिंतीच्या रंगाचा संबंध किती असतो?

बराच, आणि त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. खिडकीतून आलेला उजेड आधी जमिनीवर पडतो आणि तिचा रंग घेऊन भिंतीवर चढतो. शहाबादी फरशीचा करडा-निळसर रंग भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर स्पष्ट उतरतो. तेथे हिरवट झाकेचा ऑफव्हाइट ओल्या गिलाव्यासारखा दिसतो. हिरवट कोटा फरशीवर हिरवी झाक दुणावते, तर गुलाबीसर झाक तिच्याशी भांडते. जुन्या घरांतील लाल कोब्याच्या जमिनीवर जवळजवळ कोणताही ऑफव्हाइट उबदार दिसतो, त्यामुळे तेथे गुलाबी झाक मुद्दाम टाळावी. आजकालच्या हस्तिदंती व्हिट्रिफाइड टाइल्सना स्वतःचीच पिवळी झाक असते. भिंत तिच्यापेक्षा थोडी अधिक पांढरी असावी, कमी नसावी, अन्यथा भिंत मळलेली वाटते. फरशी, सागवानी दारे आणि स्वयंपाकघराचा ओटा या गोष्टी बदलणे महाग असते आणि रंग बदलणे त्या मानाने स्वस्त असते, हे ध्यानात घेऊन भिंतीलाच त्यांच्याशी जुळवून घेऊ द्यावे.

नमुना कसा लावून पाहावा?

दोन किंवा तीनच छटा निवडाव्यात. पाच नमुने लावणाऱ्यांचा निर्णय सहसा लांबतो. प्रत्येक छटेचा सर्वांत लहान मिळेल तो डबा घ्यावा आणि प्रत्यक्ष वापरायच्या प्रकारातच, म्हणजे मॅट हवा असेल तर मॅटमध्येच, तयार करून घ्यावा. दोन फूट बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डला किंवा पातळ प्लायला पांढरा प्रायमर देऊन त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. एका हातावर निर्णय घेऊ नये, कारण खालचा रंग वर डोकावत असतो. इमल्शन ओले असताना अधिक पांढरे दिसते आणि वाळताना किंचित गडद होते, म्हणून एक रात्र जाऊ द्यावी.

थेट भिंतीवर पट्टे ओढण्यापेक्षा फळी बरी, कारण भिंतीवरचा जुना रंग नमुन्याच्या चारही बाजूंनी दिसत राहतो आणि नव्या रंगाविषयीचे मत बिघडवतो. जुनी भिंत पिस्ता रंगाची असेल तर तिच्यावरचा प्रत्येक ऑफव्हाइट गुलाबी वाटेल. फळी खोलीतून खोलीत फिरवता येते, कोपऱ्यात उभी करता येते आणि फरशीला टेकवता येते. ती भिंतीला समांतर, उभीच ठेवावी. आडवी ठेवलेली फळी नेहमी अधिक उजळ दिसते.

मिरजेतील एका घरी आम्ही अशा तीन फळ्या दिवाणखान्यात ठेवल्या होत्या. सकाळी नऊ वाजता तिन्हींत फरक सांगता येत नव्हता. दुपारी घरातील आजींनी नुकतेच वाळलेले, नीळ दिलेले पांढरे उपरणे सहज पहिल्या फळीवर टाकले आणि त्या फळीचा रंग एकदम ताकासारखा पिवळा दिसू लागला. मधली फळी स्विचबोर्डाजवळ नेली. बोर्डाच्या शुभ्र प्लॅस्टिकला लागून ती भिंत जुनी झाल्यासारखी वाटली. तिसरी, राखाडीकडे जराशी कललेली छटा त्या बोर्डाशीही जुळली आणि शहाबादीच्या पट्टीशीही. रात्री आठ वाजता पिवळे दिवे लावल्यावर मात्र घरातील सर्वांना पहिलीच आवडली. शेवटी दिवाणखान्याला तिसरी आणि आतल्या झोपण्याच्या खोलीला, जी मुख्यतः रात्रीच वापरली जाते, पहिली छटा दिली. सकाळ, दुपार, सूर्यास्ताची वेळ आणि रात्रीचे दिवे अशा चारही वेळी नमुना पाहावा, असे आम्ही म्हणतो ते अशा अनुभवांमुळे. खोली ज्या वेळी सर्वाधिक वापरली जाते, त्या वेळचे मत निर्णायक मानावे.

दिवे आधी ठरवावेत की रंग?

दिवे आधी. २७०० ते ३००० केल्विनचे पिवळे दिवे प्रत्येक ऑफव्हाइटला सायीकडे ढकलतात. ६५०० केल्विनचे दिवे राखाडी छटेला निळी आणि गुलाबीला निस्तेज करतात. ४००० केल्विनच्या दिव्यांत रंग दिवसाच्या रूपापासून फार दूर जात नाही. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडाही पाहावा. तो ९० किंवा अधिक असेल तर झाका अधिक खऱ्या दिसतात.

मोबाइलवरच्या फोटोवरून किंवा ॲपवर खोली रंगवून पाहून निवड करता येईल का?

ऑफव्हाइटसाठी नाही. कॅमेरा उजेडाची झाक स्वतःच दुरुस्त करतो आणि नेमका आपल्याला हवा असलेला फरक पुसून टाकतो.

छत, दारे आणि खिडक्यांच्या चौकटींसाठी कोणता पांढरा?

छताला पूर्ण पांढरा देण्याची पद्धत आहे आणि उंच छताच्या घरात ती योग्यच आहे. छत ठेंगणे असेल तर भिंतीचाच रंग छतालाही दिल्यास दोहोंमधली रेघ नाहीशी होते आणि खोली मोकळी वाटते. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या खिडक्यांचा पांढरा बहुधा निळसर असतो. त्यांच्या शेजारी सायीचा रंग पिवळट आणि जुनाट दिसण्याचा धोका असतो, म्हणून नमुन्याची फळी चौकटीला लावून पाहणे टाळू नये. दारांना पांढरा ऑइल पेंट देणार असाल तर तो कालांतराने, विशेषतः जेथे उजेड कमी पोहोचतो तेथे, पिवळा पडतो हे गृहीत धरावे. कपाटाच्या आतल्या बाजूला हे सर्वांत आधी दिसते. पांढरेपणा टिकवायचा असेल तर लाकडासाठी मिळणारा पाण्यावर आधारित इनॅमल घ्यावा.

मॅट घ्यावा की चमक असलेला?

चमक जितकी अधिक, तितके भिंतीतले उंचवटे आणि पुट्टीचे ठिगळ अधिक दिसतात. पुट्टी निर्दोष नसेल तर मॅट किंवा अगदी हलकी चमक घ्यावी. छटेचा एकच कोड मॅटमध्ये आणि चमकदार प्रकारात वेगळा भासतो, त्यामुळे नमुना एका प्रकारात आणि काम दुसऱ्या प्रकारात असे करू नये.

आमच्या जुन्या वाड्यात पूर्वी चुना असायचा. तसा पांढरा इमल्शनमध्ये मिळेल का?

त्याच्या जवळ जाता येईल, अगदी तसा मिळणार नाही. चुना देताना त्यात थोडी नीळ मिसळली जात असे. चुन्यातला पिवळेपणा निळीने मारला जातो आणि भिंत शुभ्र भासते. ज्यांच्या आठवणीत तो पांढरा आहे, त्यांना म्हणूनच आजचे सायीचे रंग मळकट वाटतात. अशांनी राखाडी-निळसर झाकेच्या छटा पाहाव्यात. मात्र चुन्याच्या भिंतीला स्वतःची अशी मऊ, भुकटीदार खोली असते, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि त्याचे बारीक स्फटिक उजेड विखुरतात. इमल्शनच्या थराला ते जमत नाही. भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या बांधणीच्या असतील तर चुनाच पुन्हा द्यावा, असे आम्ही मनापासून सुचवतो. तो भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. चुन्याच्या सुट्या थरावर थेट इमल्शन दिल्यास ते पोपड्यांनी निघते.

पुराचे पाणी येऊन गेलेल्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीला कोणता ऑफव्हाइट द्यावा?

भिंत वाळेपर्यंत कोणताही देऊ नये. कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सणाच्या आत घर पूर्ववत दिसावे, म्हणून अनेक घरांत घाईने रंग दिले गेले. त्यामागची भावना आम्ही समजू शकतो, पण ओल्या भिंतीवर दिलेला रंग टिकत नाही. जाड विटांची किंवा दगडी भिंत वाळायला महिने लागतात. दीड फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूने दव धरले तर थांबावे. भिंतीला लोणा फुटत असेल तर पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडावी, पाण्याने धुऊ नये, कारण पाण्यात विरघळून ते क्षार पुन्हा भिंतीत जातात. ओलीच्या कडेला उमटणारी तपकिरी रेघ कोणत्याही ऑफव्हाइटखाली लपत नाही. पुराच्या पट्ट्यातील घरांत जमिनीपासून तीन-साडेतीन फूट गडद पट्टा आणि त्यावर ऑफव्हाइट, ही जुनी रीत आजही समंजस आहे.

स्वयंपाकघर आणि देवघर यांसाठी वेगळी छटा घ्यावी का?

धुता येणारा, हलक्या चमकेचा प्रकार घ्यावा आणि झाक पिवळ्याकडे असू द्यावी, कारण फोडणीची वाफ आणि समईची काजळी राखाडी-पांढऱ्यावर लवकर उठून दिसते. हळदीचे बोट लागलेच तर साबणाने जोरात घासू नये. साबणाच्या क्षारामुळे हळद लाल होते, चुन्याच्या भिंतीवरही तसेच होते. हलक्या हाताने ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. डाग ऊन येणाऱ्या भिंतीवर असेल तर उरलेला पिवळेपणा उन्हाने हळूहळू उडून जातो.

एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या रंगात करून घेतला तर चालेल का?

गडद रंगांत फरक खपून जातो, ऑफव्हाइटमध्ये खपत नाही. बेसचा मूळ पांढरेपणाच कंपनीगणिक वेगळा असतो. करून घ्यायचाच असेल तर तो नवा रंग समजून त्याचा स्वतंत्र नमुना पाहावा.

रंग एकदम आणावा की लागेल तसा?

एका खोलीचा रंग एकदम आणावा, आणि डबे अनेक असतील तर एका मोठ्या बादलीत सर्व एकत्र ढवळून मगच सुरुवात करावी. दोन वेळा तयार केलेल्या डब्यांत एखाद्या थेंबाचा फरक पडला तरी भिंतीच्या मध्यावर जोड दिसतो. तसे करणे शक्य नसेल तर नवा डबा भिंतीच्या कोपऱ्यापासून उघडावा, मध्येच नव्हे. काम झाल्यावर पाव लिटर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून तिच्यावर कोड, प्रकार आणि तारीख लिहावी. खिळ्याचे भोक बुजवायचे असेल तेव्हा हाच रंग लागेल, पण दोन-तीन वर्षांनी भिंत थोडी बदललेली असल्यामुळे ठिगळ दिसू नये म्हणून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची ती एक भिंत पूर्ण रंगवणे बरे.

सर्व करूनही दोन छटांमध्ये निर्णय होत नाही. काय करावे?

दोन्ही फळ्या आठवडाभर खोलीत, समोरासमोरच्या भिंतींना टेकवून ठेवाव्यात आणि त्यांच्याकडे मुद्दाम पाहू नये. येता-जाता ज्या फळीकडे लक्ष जाते आणि काहीतरी खटकते, ती बाजूला करावी. आठवड्यानंतरही कोणतीच खटकली नाही, तर दोन्हींपैकी फिकी घ्यावी आणि रंगाऱ्याला काम सुरू करायला सांगावे.